व्यंकटचा मुका रेडिओ

व्यंकट माझ्या धाकट्या बहिणीचा, अंबिकाचा नवरा. औरादच्या बाजारात माझं अडतीचं दुकान आहे. फुशारक्या ऐकायची मला सवय आहे, पण याच्याइतका पोकळ ताठा मी दुसऱ्या कुणात बघितला नाही.

तो संतपूरचा. हैदराबादला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. दोन हजार नऊच्या मंदीत कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा गेला. गावी आला तो पाहुणचाराला आल्यासारखा. त्याची आई सुशीलाबाई. त्यांनी पुढ्यात ठेवलेली भाकरी कडक लागली की ताट सरकवायचा. सुगीत राशीला, म्हणजे मळणीला, हात लावायचा नाही. घर चालायचं ते आईच्या शेतावर आणि अंबिका शाळेत शिकवायची त्यावर.

हैदराबादच्या एका सोबत्यानं इंग्लंडहून आणलेली अंगठ्याएवढी वस्तू त्याला दिली होती. ती कॉम्प्युटरला खोचली की डिजिटल रेडिओ ऐकू येतो. तिकडं असा रेडिओ घरोघरी आहे. त्याला खरखर नसते म्हणे. पण ती वस्तू फक्त विकतच्या सिस्टीमवर चालायची. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, फुकट मिळणारी आणि कुणालाही आतून उघडून दुरुस्त करता येणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिला ही वस्तू ओळखूच यायची नाही. ती ओळख करून देणारा प्रोग्राम लिहायचं व्यंकटनं मनावर घेतलं.

काम सोपं नव्हतं, हे मान्य. पण त्याचा तोरा कामाच्या दसपट. वीज गेली की आईवर डाफरायचा, जणू त्याच बंद करतात. मी एकदा विचारलं की हे कुणाच्या उपयोगाचं, तर म्हणाला, "रामकिशनराव, तुम्ही तुरीचा भाव बघा. हे तुमच्या डोक्याचं न्हाई."

शेवटी प्रोग्राम झाला. वस्तू खोचली की तिचा दिवा लागायचा आणि पडद्यावर तिचं नाव उमटायचं. त्या सिस्टीमवर काम करणारी मंडळी ईमेलवर आपसांत बोलायची. त्यांना यानं प्रोग्राम पाठवला आणि वर लिहिलं की मी तपासला आहे, नीट चालतो.

लंडनजवळच्या एका माणसानं तो लावून बघितला आणि नम्रपणे कळवलं की स्टेशन लागत नाही. व्यंकटनं उत्तर दिलं की आधी अँटेना जोडायला शिका. मग जर्मनीतल्या एका बाईनं चूक दाखवून दिली. स्टेशनचा आकडा ज्या मापात द्यायला हवा, त्याच्या हजारपट लहान मापात यानं दिला होता. वस्तू भलत्याच ठिकाणी स्टेशन शोधत होती. तेवढं बदला, बाकी काम चांगलं आहे, असं तिनं लिहिलं होतं.

त्या दिवशी मी त्यांच्याच घरी होतो. व्यंकट येरझाऱ्या घालत त्या बाईची अक्कल काढत होता. अंबिका तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुम्ही त्यातून एकदा तरी आवाज ऐकलाव का?"

"इथं असलं डिजिटल स्टेशनच न्हाई, तर ऐकणार काय?"

"मग चालतंय म्हणून कामून लिवलाव?"

त्यानं चहा मागितला. अंबिका उठली नाही, सुशीलाबाईही उठल्या नाहीत. मला त्याची कीव यायला हवी होती, पण किळस आली. चुकतो तर कुणीही. पण हा माणूस न ऐकलेल्या आवाजाची साक्ष देऊन बसला होता, आणि जे कान लावून बसले होते त्यांनाच बहिरे म्हणत होता.

त्यानं चूक दुरुस्त केली नाहीच. त्या बाईनं स्वतः केली, लंडनच्या माणसाला स्टेशन लागलं, आणि प्रोग्राम सिस्टीमच्या पुढच्या आवृत्तीत घ्यायचं ठरलं. लेखक म्हणून पहिलं नाव व्यंकटचंच ठेवलं होतं. एवढा भलेपणा मी आमच्या बाजारातही बघितला नाही. पण यानं कळवलं की माझ्या कामाला परक्यानं हात लावला, माझं नाव आणि माझी ओळ न ओळ काढून टाका. त्याला वाटलं, ते विनवण्या करतील. त्यांनी खेद कळवला, बाईनं त्याचा भाग नव्यानं लिहून काढला आणि नाव काढून टाकलं.

पुढं पुण्यात एका मुलाखतीत त्यानं हे काम आपलं म्हणून सांगितलं. समोरच्यांनी तिथंच कॉम्प्युटरवर शोधलं. त्यात जर्मन बाईचं नाव होतं. नोकरी मिळाली नाही.

दोन हजार बारापासून तो बीदरला एका खासगी क्लासमध्ये टायपिंग शिकवायलाय. शनिवारी गावी येतो. अंबिका आपल्या मुलीबरोबर संतपूरलाच राहिली. मुलीला घेऊन त्याच्याकडं जा, असं मी तिला कधी म्हणालो नाही.

गेल्या दिवाळीआधी मी बीदरला गेलो होतो. सुशीलाबाईंनी त्याच्यासाठी ज्वारीचं पोतं दिलं होतं. क्लास सुटायची वाट बघत मी दाराशी उभा राहिलो. आत तो पोरांना सांगत होता, युरोपातले लोक जो रेडिओ ऐकतात तो माझ्यामुळं वाजतो, फक्त गोऱ्यांनी माझं नाव खाल्लं. पोरं मन लावून ऐकत होती. त्यानं मला बघितलं आणि पुन्हा तेच, थोड्या मोठ्या आवाजात, सांगू लागला.

मी पोतं दाराशी टेकवलं आणि बसस्टँडकडं निघालो.