गुरुजींचा रस्ता

आमच्या गावात पाहण्यासारखं एकच आहे, पाण्याची टाकी; तीही बंद असते. म्हणून बहिणीच्या स्थळाकडच्या मंडळींना मी धर्मापुरीचं जुनं मंदिर दाखवायला नेलं. मुलगा आणि सुनीता एकमेकांना पसंत होते. होकार अडला होता मुलाच्या वडिलांपाशी. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचे गुरुजी. बडेजाव मिरवणाऱ्या घराशी सोयरीक करणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मी मात्र मामांची पांढरी, काळ्या काचांची गाडी मागून आणली होती. (मामा राजकारणात आहेत.)

मंदिरातलं कोरीव काम पाहून गुरुजी प्रसन्न झाले. परतताना एका वस्तीपाशी मेंढरं आडवी आली, म्हणून मी थांबलो. तेवढ्यात हलगी कडाडली. रस्त्यात हार घेऊन माणसं उभी होती.

"सायेब आले बे, वाजवा!"

मी काच खाली केली. "काका, आमच्यात कुनी सायेब न्हाई. आमी मंदिर बघाया गेलतो."

"ठावं हाय. सायेब आदी देव करत्यात, मंग आमच्याकडं येत्यात. तू गाडी सावलीला लाव."

मी पत्रकार आहे, हेही सांगितलं. हलगीपुढे खुलासा चालत नाही.

"उतरा की सायेब, आतच का बसलाव?"

गुरुजींना फेटा बांधला गेला. खांद्यावर घोंगडी आली, हातात काठी आली आणि शेवटी माइक आला. फेट्याखालचा चेहरा लाल झाला होता. सोयरीक मोडली, हे मी मनाशी नोंदवलं.

"मी साहेब नाही," गुरुजी म्हणाले. टाळ्या पडल्या.

"लई साधा मानूस," शेजारचा मला म्हणाला.

"पण हा रस्ता फार वाईट आहे. तो झालाच पाहिजे."

हलगी पुन्हा सुरू झाली.

आम्ही गाडीत बसून निघालो. "गुरुजी, फेटा काढता का? उकडत असंल," मी भीत भीत विचारलं.

"राहू द्या," ते आरशात पाहत म्हणाले. "साखरपुड्याचं काय ठरवायचं?"

सुनीताचं लग्न झालं. रस्ता झालेला नाही. वस्तीवरची माणसं बाजारात मला गाठतात.

"बातमी लावतो," मी म्हणतो.

"बातमीचं पत्रकाराला सांगू आमी," ते म्हणतात. "तू डायवर हायस. सायबाच्या कानावर घाल."