ईशानीची पन्नासावी धाव

सातव्या मैलाशी मधुकाकू पुन्हा खाली वाकल्या आणि बुटाची नीट बांधलेली नाडी सोडून परत बांधू लागल्या. शाळेच्या नव्या मैदानासाठी निधी म्हणून सगळं गाव कालव्याकाठानं दहा मैल चालत होतं. पुढचे पार पुढे गेले होते, मागचे अजून दिसत नव्हते. एकीकडे पाणी, दुसरीकडे काटेरी कुंपण. समोरून सायकल आली तर अंग चोरून उभं राहावं लागे.

"पाय दुखतोय का काकू? कुणाला तरी गाडी आणायला सांगू?"

"पायाला काय धाड भरलीय! चल तू."

विचारणारी निवेदिता मूळची पुण्याची. बेसिंगस्टोकला आयटीत नोकरी, आणि हौस म्हणून गावच्या साप्ताहिकात शाळांच्या, खेळांच्या बातम्या लिहायची. वसंतात तिनंच काकूंवर लेख लिहिला होता: 'बावीस वर्षं, एकही चूक नाही'. गावच्या क्रिकेट क्लबानं तो काचेत घालून भिंतीवर लावला. हल्ली काकूंना त्या भिंतीकडे बघवत नसे.

मधुमती अठ्ठ्याऐंशी साली साताऱ्याहून नवऱ्यामागे इथं इंग्लंडात आल्या. मुलगा शाळेच्या टीममध्ये असताना एका शनिवारी स्कोअरर आला नाही, तेव्हा अतुलरावांनी बायकोच्या हातात पेन्सिल ठेवली. "एवढ्या आजच्या दिवस गं." मुलगा शिकून लीड्सला गेला, पेन्सिल मागं राहिली. शाळेच्या मॅचेस, क्लबाच्या मॅचेस, सगळ्या त्याच लाकडी खोपटात. पंचानं खूण केली की काकूंनी हात वर करायचा. तो हात दिसल्याशिवाय पुढचा चेंडू पडत नाही. पाढे पावकी-निमकीसकट घोटलेले, त्यामुळे बेरीज कधी हलली नाही. नव्या पानाच्या डोक्याशी त्या बारीक 'श्री' काढत आणि मगच बॅट्समनची नावं लिहीत. दोनदा त्यांनी 'आता पुरे' म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या शनिवारची वेळ सांगितली.

"निवेदिता, ती शाळेच्या ईशानीची मॅच आठवते?"

"न आठवायला काय झालं! एकोणपन्नास. बिचारी एका रननं राहिली."

"नाही राहिली."

निवेदिता थांबली. काकू चालतच राहिल्या, म्हणून तिलाही चालावं लागलं.

"पन्नास झाले होते तिचे. शेवटची धाव तिच्या बॅटची. टक् असा आवाज मी या कानांनी ऐकला. तेवढ्यात पंचांनी पाय उचलला, गुडघ्याला हात लावला. मला वाटलं, लेग बायची खूण, म्हणजे बॉल पायाला लागलाय, धाव तिच्या नावावर नाही. मी हात वर केला, लिहून मोकळी झाले. पुढं चहाच्या वेळी ते म्हणतात, कुंपणात बॉल शोधताना काहीतरी चावलं, दुपारभर गुडघा खाजतोय! माझ्या हातातलं सँडविच तसंच राहिलं बघ."

"आणि समोरच्या टीमचा स्कोअरर?"

"तो माझ्या वहीतून उतरवून घेत होता. म्हणाला, तुमचं कशाला तपासायचं!"

ईशानीनं तेव्हा बॅट अर्धी वर नेली होती. मग फळ्यावरचा आकडा पाहून खाली घेतली आणि पुढच्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर बोल्ड झाली. शाळेच्या हॉलमध्ये अर्धशतकवाल्यांची नावं रंगवलेली पाटी आहे, तिच्यावर अजून एकाही मुलीचं नाव नाही. बापाची नोकरी बदलल्यानं पोर सप्टेंबरात वॉटफर्डला जाणार होती.

"मग पंचांना विचारायचं ना, काकू!"

"विचारलं की. म्हणाले, मला काही आठवत नाही मधू, पण तू लिहिलंस म्हणजे लेग बायच असणार."

निवेदिताला हसू फुटलं. काकूंचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं.

"काका काय म्हणतात?"

"हे म्हणतात, वही मिटली, सह्या झाल्या, मॅच तर जिंकलोच. आणि तीन आठवड्यांनी आपल्याच टीमच्या मुलीला एक रन वाढवून दिलीस तर इथली माणसं काय म्हणतील? जुन्या सगळ्या वह्या काढून बसतील. खरंच बसतील गं. ह्यांचं काही चूक नाही, तिथंच तर अडलंय." काकूंनी श्वास घेतला. "रोज देवापुढं दिवा लावते, हात जोडते आणि डोळ्यांसमोर ते पान येतं. श्रीच्या खाली खोटं लिहिलंय मी. बोलले तर ह्यांची मान खाली, नाही बोलले तर त्या पोरीची. आणि शनिवारी पुन्हा त्याच खोपटात जाऊन बसायचं."

"पण काकू, मग माझा लेखही..."

"तोही खोटाच. उतरवा म्हणावं त्यांना भिंतीवरनं."

लांबून पाणपोईच्या टेबलाशी उभी माणसं दिसू लागली. त्यांत अतुलराव होते. बायकोला पाहून त्यांनी दोन्ही हात हलवले. काकू जागीच थबकल्या.

"उद्या शांतपणे बोलू या का?" निवेदिता हळूच म्हणाली. "मंगळवारी अंक छपाईला जातो. वेळ आहे अजून."

"उद्या मी बोलणार नाही. तीन आठवडे मी स्वतःला बघतेय ना." काकूंनी तिचं मनगट धरलं. "फोन काढ. इथंच लिही, मी सांगते तसं. ईशानीचे पन्नास होते, चूक स्कोअररची. 'झाली असावी' वगैरे नको. माझं पूर्ण नाव घाल, आणि त्या टेबलापाशी पोचायच्या आत पाठवून दे."