बिनधुरीचे मनुके

काकांनी मूठभर मनुके उचलायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून विचारायचं, "अप्पा, धुरी न्हाय न्हवं?" दर गुरुवारी हेच. माझं उत्तरही ठरलेलं. "काका, तुम्हाला धुरीचा माल देऊन मी कुठं जाऊ?"

आमचं बेदाण्याचं दुकान सोलापुरात बापजाद्यांपासूनचं. तुम्ही कौतुकानं नेता तो पिवळा चकचकीत बेदाणा गंधकाची धुरी देऊन तसा होतो. नाकं मुरडू नका, तो रंग तुम्हालाच हवा असतो. काकांना मात्र उन्हात वाळलेले साधे काळे मनुके लागत. ते बेने इस्रायली, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ज्यू, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्यातले आमच्या भागात उरलेले एकटेच. शुक्रवारी दिवेलागणीला मनुक्यांच्या सरबतावर प्रार्थना म्हणायची आणि मग ते प्यायचं, ही त्यांची रीत.

एकदा मी वैतागून म्हटलं, "भिजवून कुस्करणारच ना? मग धुरीचं एवढं काय?"

"तिकडं इस्रायलात आमचं मोठं देऊळ व्हतं तवा वेदीवर द्राक्षाची दारू वतायचे. धुराचा वास लागलेली चालायची न्हाय."

"अहो, ते देऊळ पडून किती पिढ्या झाल्या!"

"व्हय की. म्हणून मी वास घ्यायचा सोडू व्हय?"

लई हट्टी म्हातारा. बायको गेल्यावर मुलगा इस्रायलला बोलावून थकला, पण हे जाईनात. "तितं घरोघरी हा शुक्रवारचा पेला भरत्यात. हितं मी उठलो की संपलं," म्हणायचे. बोलताना ते दमायचे आणि ऐकताना मी.

मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते दवाखान्यात पडले. दुखण्यापेक्षा शुक्रवार चुकणार याचाच त्यांना घोर. शेवटी माझ्या बायकोनं मनुके भिजवले, कुस्करले, फडक्यातून गाळले. आमचं लिंगायताचं घर. देवाला दाखवल्याशिवाय कुणी घोटभरही घेत नाही. तिनं तांब्या आधी देवापुढं ठेवला, मग आम्ही निघालो.

काकांनी पेला हातात घेतला, वास घेतला. चेहरा खुलला.

"देवाला दाखवूनच आणलंय, काका," ती म्हणाली. "आता लवकर बरं वाटंल."

त्यांचा हात तिथंच थांबला.

"पोरी, मग ते तुज्या देवाचं झालं. दुसऱ्या देवापुढचं आमाला चालत न्हाय." तिचं तोंड उतरलेलं पाहून ते घाईनं म्हणाले, "आगं, रडतीस काय? दवाखान्याच्या डब्यात चपाती हाय न्हवं? तिच्यावर बी म्हणता येतं."

चपातीवर हात ठेवून ते पुटपुटले. पेला तिच्या हातात दिला. "तुमी घ्या. मनुके झकास हायत." मला त्यांचा संताप आला, तरी निघताना त्यांची उशी सारखी करून दिली.

पुढच्या शुक्रवारी बायकोनं पुन्हा सरबत केलं. देवघराचं दार ओढून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा देवाला न दाखवता तांब्या भरला. आम्ही पोचलो तेव्हा खाटेवरची चादर बदलत होते. काका दुपारीच गेले होते.

घरी आल्यावर ती तांब्या घेऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. पिववेना, आणि आता देवापुढंही ठेववेना.

"त्यांच्यात वेदीवर वतायचे म्हणाले व्हते न्हवं तुमाला?" तिनं विचारलं. "मग आता हे मी कुटं वतू?"