ऑपरेशननंतरची खाट

पिठाच्या गिरणीवर वर्षानुवर्षं उभं राहून माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरांची वेटोळी उठली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हटलं. पाय बधिर करून त्यांनी बारीकशा भोकातून लेसरची तार आत घातली आणि बिघडलेली शीर आतल्या आत बंद केली. टाका एकही नाही. मांडीपर्यंत घट्ट मोजा चढवून बजावलं, "आजपासूनच चालायचं. पडून राहिलात तर पायात रक्ताची गाठ होऊ शकते." मी दवाखान्यातून चालत बाहेर आले.

सेनगावला घरी पोचले तर ओसरीत खाट तयार! सासूबाईंनी हुकूम सोडला, "पाय खाली टेकवायचा न्हाई." डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तर म्हणाल्या, "त्याला काय जातंय सांगायला?"

दुसऱ्या दिवसापासून बायका भेटायला येऊ लागल्या. ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेलं नाही, तर आमच्याकडे जन्माचं बोलणं बसतं. शिरड शहापूरची नणंद आली, गल्लीतल्या झाडून साऱ्या आल्या. उशाशी केळी आणि बिस्किटांचे पुडे साचले. प्रत्येकीला टाके बघायचे होते. नाहीत म्हटलं की चेहरा पडायचा. एकदा मी उठून दारापर्यंत गेले, तर शेजारीण म्हणाली, "ही तर चांगली चालून राहिली! मंग ऑपरेशन कशाचं झालं?"

सासूबाईंना ते फार लागलं. त्या खाटेच्या पायथ्याशीच ठाण मांडून बसल्या. मोरीपर्यंत जायचं तरी दंड धरून नेत. नवऱ्याकडे गाऱ्हाणं केलं, तर तो म्हणाला, "लोक येऊन राहिलेत, पड की चार दिवस." भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. पोटरीत ओढ लागली होती. ती साधी होती की गाठीची, कळायला मार्ग नव्हता, आणि मला खरोखर भीती वाटत होती.

शेवटी एका दुपारी, पाहुण्या गेल्यावर, मी ओरडलेच, "मला मारायचंय का इथं झोपवून? काहून उठू देत न्हाई तुमी?"

सासूबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. माझ्यापेक्षा जाड शिरा, घोट्याजवळ काळी पडलेली कातडी आणि भरून आलेल्या जखमेचा खड्डा. इतकी वर्षं एका घरात राहून मी तो पाय पाहिला नव्हता.

"सोयाबीन काढताना शीर फुटली व्हती," त्या म्हणाल्या. "फडकं बांधलं न् पुन्हा वाकले. पड म्हणणारं कुणी नव्हतं, माय. तुला तरी कुणी उठवू नये म्हणून बसले."

मला रडू फुटलं. तरी उठणं भागच होतं. अंगणात फेऱ्या घालून आले आणि सासूबाईंचा हात धरून म्हटलं, "आत्याबाई, आता तुमी पडा जरा. तुमचाही पाय दाखवू."

"मला काय झालंय?" म्हणाल्या, आणि लंगडत चुलीकडे गेल्या.