पोलिसाकडे न बघणारा माणूस

अलोन्झो पेटवेच्या गाडीमागे अडकणं ही अख्ख्या गावाला शिक्षाच होती. अलाबामातल्या कोंबड्यांच्या कारखान्यात त्याची तीस वर्षं गेली. रोज जाऊन-येऊन चाळीस मैल, आणि दंडाची एक पावती फाटली नाही. चर्चमधले लोक म्हणत, अलोन्झोच्या मागे लागलात तर प्रवचन संपल्यावरच पोचाल.

ही शिस्त बापाची. बापाने त्याला गाडी शिकवली, तेव्हा गिअरच्या आधी पोलीस शिकवला. पोलीस दिसला की दोन्ही हात स्टिअरिंगवर, वर, त्याला दिसतील असे. वेग पाच मैल कमी. आणि त्याच्याकडे बघायचं नाही, उगाच निमित्त द्यायचं नाही. काळ्या माणसाच्या घरात हे धडे जेवणाच्या टेबलावरच मिळतात. अलोन्झोने ते थोरल्या मुलाला, रॉडरिकला दिले, आणि आता सोळा वर्षांच्या मुलीला, इमानीला देत होता.

मार्चमध्ये भर दुपारी तो रॉडरिकला कामावरून घरी आणत होता. रस्त्याकडेच्या पोलिसाने मागे येऊन गाडी थांबवली. रॉडरिकच्या पायाशी असलेल्या उघड्या पिशवीत पिस्तुलाची मूठ दिसली. रॉडरिक एकदा तुरुंगात जाऊन आलेला, आणि अशाला पिस्तूल बाळगायची बंदी. शिक्षा दहा वर्षांची. अलोन्झोला त्या पिस्तुलाचा पत्ताच नव्हता. पोराला काय सुनवायचं ते त्याने तुरुंगात भेटीच्या काचेआडून सुनावून घेतलं.

आशा एकच होती. रॉडरिकच्या वकीलबाई म्हणाल्या, संशयाला वाजवी कारण नसताना गाडी थांबवली असेल, तर पिस्तूल पुराव्यात धरता येत नाही आणि रॉडरिक सुटतो. अलोन्झोला हसू आलं. त्याच्या गाडी चालवण्यात कारण शोधणार?

सुनावणीत गाडी थांबवणारा पोलीस ग्रिग्ज अगदी सौम्य आवाजात बोलला.

"त्या रस्त्यावरून अमली माल जातो, साहेब. रस्ता मोकळा होता, तरी हा पंचेचाळीसच्या जागी चाळीसने चालला होता. हात स्टिअरिंगवर ताठ. मी उभा असलो की सगळे माझ्याकडे बघतात. याने मानसुद्धा वळवली नाही. काही लपवायचं असलं की माणूस असाच चालवतो."

वकीलबाईंनी त्याचाच गेल्या वर्षीचा अहवाल वाचून दाखवला. त्यातल्या माणसावर संशय आला होता, कारण त्याने वळून पोलिसाकडे बघितलं होतं. ग्रिग्ज म्हणाला, प्रसंग वेगळा होता. न्यायाधीशांनी मान डोलावली. एकेक बाब क्षुल्लक, पण सगळ्या एकत्र धरल्या तर संशय वाजवी ठरतो, असं सांगून त्यांनी पिस्तूल पुराव्यातून वगळण्याचा अर्ज फेटाळला. अकरा मिनिटं लागली. आणि संताप याचा की कोणी एक शब्द खोटा बोललं नव्हतं. अलोन्झो खरंच तसाच चालवत होता.

रॉडरिकला नेताना तो एवढंच म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही, डॅडी. माझंच चुकलं." अलोन्झोला ते पटलं नाही.

गाडीपाशी आल्यावर त्याने किल्ली इमानीकडे दिली. तिने गाडी हळूहळू कोर्टाच्या फाटकाशी आणली. बाहेर रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी उभी होती.

"डॅडी," तिने विचारलं, "मी त्यांच्याकडे बघू की नको?"

निदान हळू चालव, असं म्हणायला अलोन्झोने तोंड उघडलं, आणि तेही गिळून टाकलं.