खुर्चीला कुंकू

आमचे आतोबा, म्हणजे आमच्या आत्याचे यजमान, चुकले आहेत असं त्यांना पटवून देणारा माणूस नगर जिल्ह्यात जन्माला आला नव्हता. पुढे तो जन्मला, पण फार लांब, फ्रान्सात. आणि तोही मुलगी होऊन. आतोबा कचेरीत शिरस्तेदार होते. साहेब बदलून यायचे-जायचे, आतोबांचं मत तेवढं जागच्या जागी असायचं. निवृत्तीनंतर त्यांनी सावेडीला घर बांधलं, तेव्हा तिकडे घरांपेक्षा बाभळी जास्त होत्या. जिना बाहेरून काढलात तर पावसात भिजाल, असं गवंड्याने बजावलं. आतोबा म्हणाले, नगरला पाऊस पडतोच कुठे! पुढे दुष्काळ पडला आणि सगळ्या जिल्ह्याच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा आतोबांच्या चेहऱ्यावर काळजी होतीच, पण तिच्यामागे जिना बरोबर ठरल्याचं एक बारीकसं समाधानही होतं.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी त्याच्यावरच गेली तर नवल नाही. आमची शैलाताई शिष्यवृत्ती मिळवून फ्रान्सला शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी नोंदणी करून मोकळी झाली. तिने लग्न कळवलं, विचारलं नाही. जात, धर्म, देश हे सगळं आतोबांनी कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण आपल्या मुलीच्या कपाळाला लग्नात कुणी कुंकूसुद्धा लावलं नाही, हे त्यांच्या घशात अडकून बसलं. त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव टाकलं. आत्या तिला पत्रं लिहायची, आतोबा तेवढा वेळ बागेत जाऊन कोरड्या वाफ्यांना पाणी घातल्यासारखं करायचे. मग एके दिवशी आत्याने जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं की शैला लेकीला घेऊन येत्येय, जावयांना रजा नाही, आणि नातीला मराठीचं अक्षर येत नाही. आतोबांनी ताक भुरकलं आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी भिंगारला जाऊन कॅम्पातल्या जुन्या बाजारातून त्यांनी इंग्रजीतून फ्रेंच शिकवणारं एक पुस्तक आणलं.

पुस्तकाची सुरुवातीची पानं गळाली होती आणि उच्चार कसे करायचे ते नेमकं त्याच पानांवर असावं. आतोबांचं त्यावाचून अडलं नाही. लिहिलेलं अक्षर वाया घालवायचं नाही, हा कचेरीतला नियम त्यांनी फ्रेंचांना लावला आणि ते टेबलाला 'ला ताबले' आणि दाराला 'ला पोर्ते' म्हणू लागले. खरी अडचण पुढेच होती. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच. मग आपलं ते टेबल, ते दार, ते घर, ते पुस्तक, या मंडळींनी जायचं कुठे? बरं, फ्रेंचांच्या वाटणीला काही धरबंध नाही. घर बाई, पुस्तक बुवा. भिंत, जिला आपण जन्मभर ती म्हणत आलो, तो तिकडे पुरुष. पाठ करून करून आतोबा थकले, आणि मग त्यांना खंडेनवमी आठवली. त्या दिवशी आपण विळीला, अडकित्त्याला हळदकुंकू लावतोच ना? झालं. रोज सकाळी देवपूजा आटोपली की ते सहाणेवरचं गंध आणि आत्याचा करंडा घेऊन घरभर फिरू लागले. फ्रेंचमध्ये जी वस्तू बाई, तिला कुंकू. जी बुवा, तिला गंध. पुस्तकात नसलेल्या वस्तूंचा निकाल मराठी वहिवाटीप्रमाणे लागे, आणि त्यावर अपील नव्हतं.

आत्याने आधी दुर्लक्ष केलं. पण करंड्याचा तळ दिसू लागल्यावर तिने एकदाच विचारलं, "टेबलाला कुंकू लावलंत, ते ठीक. त्याचे यजमान कोण, ते तरी सांगा." येणारा-जाणारा आज काय विशेष म्हणून विचारी. दूध घालणारा गवळी कुंकू लावलेल्या दाराला रोज भक्तिभावाने हात जोडी. त्याला आतोबांनी एकदा सगळी पद्धत समजावून सांगितली, आणि ओघात फ्रेंच लोक म्हशीलाही पुरुषातच धरतात, हेही सांगून टाकलं. गवळ्याने चरवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मंग तिकडं दूध कोन देतं, काका?" त्यानंतर आतोबांनी जनावरांचा विषय काढला नाही.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि हसायला अर्थातच पुढे होतो. एका संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ते मला म्हणाले, "भिंतीला ती म्हणायचं, हे तुला कुणी शिकवलं रे?" "कुणीच नाही," मी म्हणालो. "मलाही कुणी नाही शिकवलं. आई बोलते, पोर ऐकतं. तिकडे शैला बोलत असेल, ती पोर ऐकत असेल." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी शैलाताईचं नाव पहिल्यांदा ऐकलं. हसणं मग मला जमेना.

शैलाताई आली ती उंबऱ्यातच थबकली. दाराचं कुंकू तिने पाहिलं, खुर्चीचं पाहिलं, भिंतीवरचं गंध पाहिलं. मग ते काय आहे हे तिच्या ध्यानात आलं आणि ती आधी हसत सुटली, नंतर तिला रडू आवरेना. आतोबा नातीसमोर उभे राहून महिनोन्‌महिने घोकलेलं वाक्य बोलले. नातीला एक अक्षर कळलं नाही. ती आईच्या पदराआड गेली असती, पण आईला पदर नव्हता. शेवटी शैलाताईने तिला त्या ठिपक्यांचा अर्थ समजावला. पोरगी घरभर हिंडून आली, खुंटीवरच्या छत्रीपाशी थांबली, आणि मान हलवत तिने फ्रॉकच्या टोकाने छत्रीचं कुंकू पुसलं. छत्री तिच्याकडे पुरुष होती. तिथून ती झोपाळ्याकडे गेली, त्याचं गंध खरवडलं आणि करंड्यासाठी हात पुढे केला. आत्याने आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी करंडा उघडून तिच्यापुढे धरला. पुढचे दिवस ती पुढे आणि आतोबा गंध-करंडा घेऊन मागे, अशी त्यांची फेरी निघायची, आणि आपण चुकलो होतो हे ते प्रत्येक वस्तूपाशी मान डोलावून कबूल करायचे.

बाप-लेकीचं मात्र जेवलीस का, झोपलीस का, यापलीकडे बोलणं गेलं नाही. निघायचा दिवस आला. टांगा दाराशी उभा होता. सासरी निघालेल्या लेकीला लावतात तसं कुंकू लावायला आत्या करंडा घेऊन बाहेर आली, तर आतोबांनी तो तिच्या हातातून घेतला. मग बोट कुंकवात बुडवलं. शैलाताईच्या कपाळावर त्यांनी ते टेकवलं आणि म्हणाले, "टेबलाला लावलं, खुर्चीला लावलं. तुला तेवढं लावायचं राहून गेलं होतं."

शैलाताई वाकली ती बराच वेळ उठली नाही. टांगा बाभळींच्या आड गेल्यावर आतोबा झोपाळ्यावर येऊन बसले. आत्याने पान वाढून दोनदा हाक मारली. ते आले, पण उजवा हात पुढे करून नुसते बसून राहिले. बोटाला कुंकू होतं, आणि जेवायचं म्हणजे ते धुवावं लागणार होतं.