दादाचं शेवटचं वाक्य

वल्लरीचा हात थरथरत नाही. चंडीगडशेजारच्या पंचकुल्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये सकाळी सात ते दुपारी तीन ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधते, शीर चाचपते, सुई घालते, नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवते. दिवसाला सत्तर-ऐंशी माणसं. कुणी तोंड फिरवतं, कुणी देवाचं नाव घेतं, एखादा सहा फुटी सरदारजी सुई बघूनच आडवा होतो. हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. लॅबमधले लोक कौतुकाने म्हणतात, वल्लरीजी का हाथ बड़ा हल्का है. असेल बापडा. सहा वर्षांत तिच्यापर्यंत काहीच पोचलेलं नाही, तर हाताला ओझं कसलं होणार?

आधी ती अशी नव्हती. फौजीची पोर, बेळगाव, झाशी, जम्मू, नाशिक असं करत वाढली, आणि प्रत्येक नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात भांडण करून दुसऱ्या आठवड्यात त्याच मुलीला मैत्रीण करायची. वडील नंदकुमार सातारा जिल्ह्यातले, शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार मेजर होऊन इथे चंडीगडजवळ निवृत्त झाले. गावी घर बांधायचं म्हणून आणलेल्या विटा अजून चुलत्याच्या परड्यात पडून आहेत. पण मुलांच्या शाळा आड आल्या, मग नोकऱ्या, मग सवय. मनीमाजऱ्यात रजई भरणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या, आणि कापसाच्या धुळीने आई शैलजाला जी शिंक लागली ती कायमची.

अभिषेकदादा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सुभेदाराचा मुलगा अफसर झाला. त्या दिवशी वडिलांनी परेडनंतर त्याला कडक सलाम ठोकला, तर हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडला. आई म्हणाली, "आता घरात कोण कुणाला सलाम करणार ते एकदाचं ठरवा, मला पोळ्या टाकायच्यात."

सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, सिक्कीममधल्या बर्फाच्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. सत्तावीस वर्षांचा होता. अठरा वर्षांच्या वल्लरीला वाटलं होतं की आपण आता खूप रडू. तसं काही झालं नाही. पाहुण्यांना चहा कमी पडू नये एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तेराव्या दिवशी शाळेतले श्यामसुंदर सर घरी आले. दादा आणि ती, दोघांनाही हिंदी शिकवलेले. शाळेला आपल्या माजी विद्यार्थ्यावर एक पत्रक काढायचं होतं. सरांनी विचारलं, "बेटा, आख़िरी बार क्या बात हुई थी?" शेवटचा फोन तिनेच घेतला होता, अपघाताच्या आदल्या दुपारी. पण पन्नास लोकांनी तोच प्रश्न विचारला होता आणि तिला आता कुणाशी काही बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "कुछ नहीं सर. बोला, चिंता मत करना."

हे दादा म्हणाला नव्हता. सुटका करून घ्यायला ती बोलून गेली, इतकंच.

सर भले गृहस्थ. त्यांचे डोळे भरून आले, आणि चार दिवसांनी पत्रक छापून आलं त्यात मोठ्या अक्षरात होतं: 'मेरी चिंता मत करना, देश की करना।' वल्लरीने तोंड उघडलं खरं. पण समोर आई एकेका हिंदी शब्दाखाली बोट ठेवून ते वाचत होती, आणि दगडासारखी बसलेली ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा रडली. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? वल्लरीने तोंड मिटलं. ते मिटलेलंच राहिलं.

वाक्य मात्र वाढत गेलं. आधी घरातल्या फोटोखाली चौकटीत लागलं. मग शाळेच्या भिंतीवर रंगवलं गेलं. मग दादाच्या नावाने दर नोव्हेंबरात वक्तृत्व स्पर्धा सुरू झाली; त्यात आई ट्रॉफी द्यायची आणि वल्लरी चार मिनिटं 'मेरे भैया' या विषयावर बोलायची. भाषण पाठ होतं. बोलता बोलता ती सभागृहातले पंखे मोजायची. अकरा आहेत, एक बंद. शेवटी ते वाक्य आलं की टाळ्या, आणि आई पदर डोळ्यांना लावायची. गुडघे धरले, झोप लागेना, कुणाशी बिनसलं, की आई तेच वाक्य स्वतःशी म्हणायची. वडील स्पर्धेला कधीच आले नाहीत. डेराबस्सीच्या औषध कंपनीत ते सिक्युरिटीचं काम बघतात, आणि त्यांची ड्युटी नेमकी त्याच दिवशी असायची. रजा मागितली असती तर मिळाली असती.

यंदा मुख्याध्यापिका मीनाक्षी मॅडमनी स्पर्धेआधी वल्लरीच्या हातात एक कागद दिला. शाळेच्या फाटकाशी काळा दगड बसवायचा होता, सव्वीस जानेवारीला. त्यावर दादाचं नाव आणि खाली ते वाक्य. घरच्यांची सही हवी होती. "बस यहाँ, बेटा. जाते-जाते दे देना." भिंतीवरचा रंग एक दिवस उडतो. दगडावरचं उडत नाही. वल्लरीने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढं तिला कळलं. पण वाटलं काहीच नाही.

स्पर्धेचा विषय होता, लोकशाहीतल्या तरुणांसाठी देशभक्ती म्हणजे काय. अकरा स्पर्धक. सगळे छाती पुढे काढून, मूठ उगारून, आवाज चढवून. सीमा, हिमालय, रक्ताचा थेंब न थेंब. नऊ जणांनी दादाचं वाक्य घेतलं. दहाव्या क्रमांकावर आली अकरावीतली एक मुलगी, जसलीन नावाची. तिने मूठ उगारली नाही. ती म्हणाली की भैयांचं वाक्य मी सहावीपासून भिंतीवर वाचतेय. "देश की चिंता करना. ठीक है, करती हूँ. पर किसी ने बताया नहीं कि करनी कैसे है. मैं फौज में नहीं जा सकती, चश्मा है मेरा. तो मैं सुबह उठकर करूँ क्या?" मागे पोरं हसली. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. जसलीनचं भाषण दोन मिनिटांतच संपलं आणि ती लाल होऊन खाली बसली.

मग वल्लरीला बोलावलं. ती माइकशी गेली, पंख्यांकडे नजर टाकली, आणि पाठ भाषणाचं पहिलं वाक्य तोंडाशी आलं. पण समोर ती चष्म्यावाली पोर होती. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते वल्लरीकडे होतं. सहा वर्षं होतं.

ती हिंदीत, सपाट आवाजात म्हणाली की हे वाक्य माझ्या भावाचं नाही. "चिंता मत करना" मी म्हणाले, "देश की करना" सरांनी जोडलं. सरांची चूक नाही, मी थांबवलं नाही. आमचा फोन चार मिनिटांचा होता, त्यातली दोन हॅलो-हॅलोत गेली. मग दादाने विचारलं, तुला अठरा पूर्ण झाली ना, मतदार यादीत नाव घातलंस का? तो म्हणाला, माझं मत टपालाने जातं, मतदानाचं केंद्र मी जन्मात पाहिलेलं नाही. तुला फक्त दोन जिने उतरायचेत. मी म्हटलं, घातलं. तो म्हणाला, पक्का? मी म्हटलं, पक्का रे, किती डोकं खातोस. मी तेव्हा मोबाइलवर मालिका बघत होते. एवढंच. त्यात देश हा शब्द नव्हता.

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. श्यामसुंदर सरांनी मान खाली घातली होती. जसलीन बसल्या जागेवरून म्हणाली, "दीदी, फिर लिखवाया नाम?"

"नहीं."

"छह साल में?"

"नहीं."

तीन निवडणुका येऊन गेल्या होत्या. पहिल्या रांगेत आई दोन्ही हातांनी पर्स धरून बसली होती. वल्लरीने तिच्याकडे पाहिलं नाही.

रिक्षाने दोघी परतल्या. घरी आल्यावर आई मेथीची जुडी घेऊन बसली आणि पानं खुडू लागली. वल्लरी शेजारी बसली. आई म्हणाली, "मला काही निरोप दिला होता का त्याने? खरं सांग. आता उगाच गोड करू नकोस."

"नाही. तुला देते म्हटलं, तर म्हणाला, झोपलीय तर झोपू दे."

आईचे हात थांबले. "आणि तू उठवलं नाहीस."

"नाही उठवलं."

आईने देठ बाजूला केले आणि पुन्हा पानं खुडायला घेतली. वल्लरीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

वडील आले तेव्हा आईनेच त्यांना सगळं सांगितलं. ते बुटांच्या नाड्या सोडत ऐकत राहिले. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "आपला अभी असलं कधी बोलला नसता. पोरगा लढाईच्या गोष्टी ऐकताना जांभया द्यायचा. मी त्या हॉलमध्ये बसून टाळ्या कशा वाजवणार होतो?" आईने विचारलं, मग सांगितलं का नाहीत. ते म्हणाले, "तुला त्याचा आधार होता." मग ते हातपाय धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

दगडाचा कागद सही न होता परत गेला. मीनाक्षी मॅडम जरा नाराज झाल्या, पण म्हणाल्या, नुसतं नाव घालू.

शनिवारी सकाळी आईने वल्लरीच्या अंगावरची रजई ओढली. "ऊठ. चौकातल्या शाळेत नाव नोंदवून घेतायत, खालचा रजईवाला सांगत होता. दादाशी खोटं बोललीस ना? आता निस्तर."

"आई, मी जाईन नंतर."

"नंतर म्हणत सहा वर्षं गेली. मी येतेय बरोबर."

त्या दोन जिने उतरल्या. शाळेच्या वर्गात, बाकावर फॉर्मचा गठ्ठा ठेवून एक शिक्षिका बसल्या होत्या, शिबिराच्या कामाला जुंपलेल्या. पुढे पाच-सहा जण, बहुतेक नुकतीच अठरा पूर्ण झालेली पोरं. वल्लरी त्यांच्यात थोराड दिसत होती. तिने फॉर्म भरला, फोटो चिकटवला, आधारकार्डाची प्रत जोडली. बाईंनी जन्मतारीख पाहिली आणि चष्म्यावरून वर बघितलं.

"चौबीस की हो गईं? अब तक कहाँ थीं?"

आई पुढे झाली. इतकी वर्षं हिंदी मुलखात काढून तिची हिंदी अजून साताऱ्याचीच होती.

"इसके भाई ने पूछा है," ती म्हणाली, "कि नाम डाला क्या."

शिक्षिकेने फॉर्मवर शिक्का मारला, पोचपावती फाडून वल्लरीच्या हातात दिली. "चलिए, भाई को बोल दीजिए, हो गया."

"बोलते हैं," आई म्हणाली.

वल्लरीने पावती धरली. कागद हलत होता. तो हलतोय हे आधी आईला दिसलं, आणि तिने वल्लरीचं मनगट घट्ट धरलं. मागचा मुलगा पुढे सरकला, तशा दोघी बाजूला झाल्या.